फेटाळलेला आश्रय आणि न्यायालयाचा अरुंद दरवाजा

ऑस्ट्रेलियातील संघीय न्यायालयांच्या दैनंदिन कामकाजाच्या यादीत काही पक्षकारांना नावेच नसतात. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची जुळणी असते. 'एसझेडबीईएल', 'एसएएपी', 'एम ६१', 'एस १५७'. एखाद्या गोदामातील मालावर चिकटवलेल्या खुणांसारखी वाटणारी ही अक्षरे म्हणजे हाडामांसाची माणसे आहेत. मायदेशी परतलो तर छळ होईल, असे सांगून त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे संरक्षण व्हिसा मागितला, सरकारने तो नाकारला आणि त्या नकाराविरुद्ध ती न्यायालयात आली. अशा अर्जदारांची नावे प्रसिद्ध करण्यास तेथील कायद्याने २००१ सालापासून न्यायालयांना मनाई केली आहे. नाव फुटले तर ज्यांच्या भीतीने माणूस पळाला, त्यांच्यापर्यंतच ते पोचायचे, हा त्यामागील विचार.

नाव झाकण्याची एवढी काळजी घेणारी ही न्यायव्यवस्था त्या माणसाला वाचवेल, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या अर्जदाराच्या मनात एकच प्रश्न असतो : 'मला परत पाठवले तर मी जगेन का?' न्यायाधीशांसमोरचा प्रश्न वेगळाच असतो : 'नकार देणाऱ्याने तो कायद्याच्या चौकटीत राहून दिला का?' या दोन प्रश्नांमधील अंतर म्हणजेच न्यायालयीन पुनर्विलोकन. दरवाजा अरुंद आहे, पण तोही बंद करण्याचा प्रयत्न एका लोकनियुक्त संसदेने केला आणि तो फसला. राज्यकारभाराच्या नकाराला सीमा कोठे असते, याचा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी ही हकिगत उद्‌बोधक आहे. मग तो नकार लिहिणारा अधिकारी असो, की नकार वाचणारा स्थलांतरित.

गुणवत्ता आणि वैधता

ऑस्ट्रेलियातील सारी व्हिसा-व्यवस्था १९५८ च्या स्थलांतर कायद्यावर उभी आहे. संरक्षण व्हिसाचा अर्ज प्रथम गृह विभागाचा अधिकारी मंत्र्यांचा प्रतिनिधी म्हणून तपासतो. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती आहे का, हे त्याने पाहायचे असते. ही भीती किती दाट असावी, याचे उत्तर तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हायकोर्टाने, १९८९ मध्येच देऊन ठेवले. छळ होण्याची 'खरीखुरी शक्यता' असली म्हणजे पुरे. ती निम्म्याहून अधिक असण्याची गरज नाही. शक्यता दहा टक्केच असली तरी भीती साधार ठरू शकते, असे त्या खटल्यात एका न्यायमूर्तींनी स्पष्ट केले होते. या व्याख्येत न बसणाऱ्या, पण परत गेल्यास ठार मारले जाण्याचा किंवा यातना भोगाव्या लागण्याचा धोका असणाऱ्यांसाठी २०१२ पासून पूरक संरक्षणाची तरतूदही झाली.

अर्ज फेटाळला गेला की पुढची पायरी न्यायाधिकरणाची. १९९३ मध्ये त्यासाठी निर्वासित पुनर्विलोकन न्यायाधिकरण स्थापन झाले; २०१५ मध्ये ते प्रशासकीय अपील न्यायाधिकरणात विलीन करण्यात आले; आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याही संस्थेची जागा नव्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाने घेतली. पाट्या बदलल्या तरी कामाचे स्वरूप बदलले नाही. न्यायाधिकरण संपूर्ण प्रकरण नव्याने पाहते, नवा पुरावा घेते, अर्जदाराला समोर बसवून विचारते आणि स्वतःचा निष्कर्ष काढते. स्थानबद्ध नसलेल्या अर्जदाराला तेथे जाण्यासाठी नकार कळल्यापासून २८ दिवस मिळतात.

तेथेही नकार मिळाला तर न्यायालय. २०२१ पासून हे खटले संघीय परिक्रमा व कुटुंब न्यायालयाच्या दुसऱ्या विभागात दाखल होतात. मुदत ३५ दिवसांची. न्यायदानाच्या हितासाठी ती वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. येथे मात्र खेळाचे नियमच बदलतात. अर्जदाराची कहाणी खरी की खोटी, हे न्यायालय ठरवत नाही. साक्षीपुराव्याचे वजन पुन्हा करत नाही. व्हिसा देण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही. ते पाहते ते निर्णयाकडे नेणारी वाट : अर्जदाराला आपली बाजू मांडण्याची खरी संधी मिळाली का, त्याने मांडलेला प्रत्येक दावा विचारात घेतला गेला का, कायद्याची कसोटी नीट लावली का, निर्णय देणाऱ्याचे मन आधीच बनलेले नव्हते ना?

दिल्लीतील सरकारी अधिकाऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. खातेनिहाय चौकशीच्या निष्कर्षाविरुद्ध रिट अर्ज करणाऱ्याला आपले उच्च न्यायालयही हेच सांगते : चौकशी अधिकाऱ्याच्या जागी आम्ही बसणार नाही, चौकशी कशी झाली तेवढे पाहू. फरक परिणामांचा आहे. येथे पणाला नोकरी किंवा बढती असते; तेथे कधी कधी जीव असतो.

कुलूप आणि किल्ली

हा दरवाजा अरुंद करण्याची संसदेची धडपड जुनी आहे. १९९२ मध्ये केलेल्या आणि १९९४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने स्थलांतराच्या खटल्यांपुरते संघीय न्यायालयाचे हात बांधले गेले. नैसर्गिक न्यायाचा भंग, अवाजवीपणा यांसारखी प्रशासकीय कायद्यातील नेहमीची कारणे त्या न्यायालयात मांडायची नाहीत, असे ठरले. १९९९ मध्ये हायकोर्टाने ही तरतूद वैध ठरवली खरी. पण खाली बंद केलेली कारणे घेऊन अर्जदार थेट हायकोर्टाच्या मूळ अधिकारक्षेत्रात येऊ लागले. पाणी अडवले की ते दुसरी वाट काढते, तसे झाले.

मग आला २००१ चा ऑगस्ट. हिंदी महासागरात बुडू लागलेल्या एका बोटीतील ४३३ जणांना 'टॅम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने वाचवले. त्यांत बहुसंख्य अफगाण होते. हॉवर्ड सरकारने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरू देण्यास नकार दिला. मेलबर्नमधील संघीय न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी या लोकांना मुक्त करून ऑस्ट्रेलियात आणण्याचा आदेश दिला. त्या निकालाची तारीख ११ सप्टेंबर २००१. काही तासांतच न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि जगाची भाषाच बदलली. सहा दिवसांनी पूर्ण पीठाने तो निकाल दोन विरुद्ध एक मतांनी फिरवला. निवडणूक तोंडावर होती. सीमारक्षणाच्या नावाने कायद्यांचा एक गठ्ठाच सप्टेंबरअखेर संसदेत मंजूर झाला आणि विरोधी मजूर पक्षानेही त्याला साथ दिली.

त्या गठ्ठ्यात स्थलांतर कायद्याचे नवे कलम ४७४ होते. त्याचा आशय थोडक्यात असा : या कायद्याखाली दिलेले निर्णय अंतिम व निर्णायक असतील, त्यांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, त्यांच्याविरुद्ध प्रतिषेध, परमादेश, मनाईहुकूम यांपैकी काहीही निघणार नाही. कायद्याच्या भाषेत याला अपवर्जक तरतूद म्हणतात; साध्या मराठीत कुलूप. हे कलम २ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आले.

कुलूप लावताना एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १९०१ पासून अमलात असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या कलम ७५ मध्ये एक छोटेसे पोटकलम आहे. संघराज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध परमादेश, प्रतिषेध किंवा मनाईहुकूम मागितला गेल्यास त्या प्रकरणात हायकोर्टाला मूळ अधिकार राहील, असे ते सांगते. टास्मानियाचे घटनातज्ज्ञ अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांना या तरतुदीची निकड भासली ती अमेरिकेतील १८०३ च्या 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' या खटल्यामुळे. तेथे सर्वोच्च न्यायालयाला थेट परमादेश देण्याचा अधिकार घटनेत नसल्याचे निष्पन्न झाले होते. ती उणीव आपल्या घटनेत राहू नये, एवढ्या साध्या हेतूने घातलेली ही ओळ शंभर वर्षांनंतर बोटीतून आलेल्या माणसांच्या उपयोगी पडली.

४ फेब्रुवारी २००३ रोजी 'एस १५७' या खटल्याचा निकाल लागला. सातही न्यायमूर्तींचे निष्कर्षाबाबत एकमत होते. वैशिष्ट्य असे की, न्यायालयाने कलम ४७४ रद्द केले नाही. त्याचा अर्थ लावला. कलम म्हणते, 'या कायद्याखाली दिलेला निर्णय' अंतिम. पण जो निर्णय देताना अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराची मर्यादाच ओलांडली, तो 'या कायद्याखाली' दिलेला निर्णय म्हणायचा कसा? अधिकारकक्षेच्या चुकीने ग्रासलेला निर्णय हा कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नव्हे; म्हणून कलम ४७४ चे कवच त्याला मिळणार नाही. आणि संसदेने दुसरी कोणतीही शब्दरचना केली, तरी घटनेने हमी दिलेले किमान न्यायालयीन पुनर्विलोकन साध्या कायद्याने काढून घेता येणार नाही. कुलूप जागेवर राहिले. फक्त ते कोणत्याही दाराला लागत नव्हते.

सरकारने मग मुदतीची पाचर मारून पाहिली. ठरावीक दिवसांनंतर हायकोर्टाचीही दारे बंद, आणि ती उघडण्याचा अधिकार खुद्द न्यायालयालाही नाही, अशी तरतूद झाली. २००७ मध्ये तीही घटनाबाह्य ठरली. आजची लवचीक मुदत ही या पराभवानंतरची, २००९ मधील तडजोड आहे.

चूक कोणती?

'अधिकारकक्षेची चूक' हा शब्दप्रयोग ऐकायला कोरडा वाटतो. तो जिवंत होतो प्रत्यक्ष प्रकरणांत.

'एसएएपी' ही इराणमधील साबियन मंडायन या अल्पसंख्य पंथाची स्त्री. न्यायाधिकरणाने तिच्या मोठ्या मुलीची साक्ष घेतली. त्या साक्षीतील काही भाग आईच्या दाव्याला मारक होता. कायदा सांगत होता की, असा प्रतिकूल मजकूर अर्जदाराला लेखी कळवून उत्तर मागावे. न्यायाधिकरणाने तो तोंडी सांगितला. लेखी कळवला नाही. एवढ्याने काय बिघडले, असे कोणत्याही कार्यालयात विचारले जाईल. २००५ मध्ये हायकोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी उत्तर दिले : संसदेने 'लेखी' म्हटले आहे, तेव्हा लेखीच, तेथे सोयीची सवलत नाही. पुढे २००७ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून सुनावणीत तोंडी कळवण्याची मुभा दिली. ही देवाणघेवाणही ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयाने संसदेला तिच्याच शब्दांनी बांधले आणि संसदेने आपले शब्द बदलले. लोकशाहीत दोघांनीही आपापले काम केले.

'एसझेडबीईएल' हा इराणी खलाशी. ख्रिस्ती धर्माकडे आपला ओढा असल्याचे जहाजावर कळल्यामुळे आपण संकटात आलो, असे त्याचे म्हणणे होते. विभागाच्या अधिकाऱ्याने त्याचा अर्ज वेगळ्या कारणासाठी फेटाळला. न्यायाधिकरणाने मात्र त्याच्या कहाणीतील तीन नवे मुद्दे अविश्वसनीय ठरवले. या तीन मुद्द्यांवर आधी कोणी शंका घेतली नव्हती आणि सुनावणीतही त्याला त्याविषयी कोणी सावध केले नव्हते. डिसेंबर २००६ मध्ये हायकोर्टाने एकमताने म्हटले की, ज्या मुद्द्यावर माणसाचे भवितव्य ठरणार आहे तो मुद्दा त्याला ठाऊकच नसेल, तर सुनावणी झाली असे म्हणता येत नाही. न्यायाधिकरणाने त्याला खोटारडा म्हणण्यावर न्यायालयाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो न विचारता तसे ठरवण्यावर.

तिसरे प्रकरण दक्षिण आशियाचे. बांगलादेशातील दोन पुरुष, परस्परांचे जोडीदार. ते मायदेशी गुपचूप राहत आले आहेत आणि पुढेही तसेच राहतील, म्हणून त्यांना धोका नाही, असा न्यायाधिकरणाचा युक्तिवाद होता. डिसेंबर २००३ मध्ये हायकोर्टाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने हा युक्तिवाद मोडीत काढला. लपून राहणे हीच जर भीतीची उपज असेल, तर लपून राहिल्यामुळे भीती उरत नाही असे कसे म्हणता येईल? आपल्या श्रद्धेबद्दल, मतांबद्दल किंवा स्वभावाबद्दल मौन बाळगून सुरक्षित राहा, असा सल्ला राज्यसंस्था आश्रयार्थ्याला देऊ शकत नाही, हा या निकालाचा गाभा होता. ऑस्ट्रेलियाबाहेरच्या न्यायालयांतही तो अभ्यासला गेला.

जिंकल्यावर हाती काय?

असे निकाल वाचून न्यायालये म्हणजे आश्रयार्थ्यांचे माहेर आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. न्यायाधिकरणाची कारणमीमांसा वाचताना चुका हुडकण्यासाठी भिंग घेऊन बसू नये, अशी तंबी हायकोर्टाने १९९६ मध्येच खालच्या न्यायालयांना दिली आहे. २०१८ पासून आणखी एक कसोटी लागू झाली : चूक झाली असे दाखवून भागत नाही, ती चूक झाली नसती तर निर्णय वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, हेही दाखवावे लागते. आणि २०१९ च्या निकालाने हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. वकील नसलेला, इंग्रजी न जाणणारा माणूस हे कसे दाखवणार? २०२४ च्या एप्रिलमधील निकालात हायकोर्टाने ही पायरी फार उंच नसल्याचे स्पष्ट करून थोडा दिलासा दिला, एवढेच.

आणि समजा, जिंकला. तरी व्हिसा मिळत नाही. न्यायालय सदोष निर्णय रद्द करते आणि प्रकरण पुन्हा न्यायाधिकरणाकडे धाडते. तेथे नव्याने सुनावणी होते आणि कायदा नीट पाळूनही नकार मिळू शकतो. हरल्यास मात्र सरकारचा खर्च भरण्याचा आदेश सामान्यतः होतो, देश न सोडता पुन्हा संरक्षण व्हिसा मागण्यास कायद्याची मनाई आहे आणि व्हिसा नसलेल्या परकीय नागरिकास शक्य तितक्या लवकर देशाबाहेर काढण्याचे बंधन कायद्यानेच अधिकाऱ्यांवर घातले आहे. अखेरचा उपाय म्हणून मंत्र्यांना स्वतः हस्तक्षेप करण्याचा विशेषाधिकार आहे. पण तो वापराच, अशी सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नाही.

मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. उपयोग दुहेरी आहे. एक तर चुकीच्या वाटेने दिलेला नकार पुष्कळदा चुकीचाही असतो. वाट सुधारली की काहींचे निर्णय बदलतात. दुसरे असे की, एका प्रकरणातील निकाल पुढील हजारो सुनावण्यांना वळण लावतो. 'एसझेडबीईएल'नंतर प्रत्येक सुनावणीत अर्जदाराला निर्णायक मुद्दे सांगणे भाग पडले. त्याच अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या खलाशाला हे कदाचित ठाऊकही नसेल.

सरकारची बाजू

दुसरी बाजू मांडल्याखेरीज हे चित्र पुरे होणार नाही. प्रत्येक नकाराविरुद्ध खटला आणि प्रत्येक खटल्यासाठी काही वर्षे, अशी स्थिती झाली की विलंब हाच एक लाभ ठरतो. खटला चालू असेपर्यंत सामान्यतः तात्पुरता व्हिसा मिळतो आणि अनेकांना त्यावर कामही करता येते. ज्याच्या दाव्यात दम नाही त्यालाही रांगेत उभे राहणे परवडते. आणि ज्याचा दावा खरा आहे तो त्याच रांगेत वर्षानुवर्षे अधांतरी राहतो. कोणत्याही रंगाचे सरकार असो, त्याची ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही. यशाची वाजवी आशा नसलेले खटले दाखल करण्यास प्रोत्साहन देणाऱ्या वकिलांकडूनच खर्च वसूल करण्याची तरतूद २००५ मध्ये झाली ती याच कारणाने.

मात्र विलंबावर दोन तऱ्हेचे उपाय करता येतात. एक, प्रक्रिया कापायची. २०१४ च्या कायद्याने बोटीने आलेल्या सुमारे तीस हजार लोकांसाठी 'जलद मार्ग' आखला गेला. त्यांना पूर्ण न्यायाधिकरण नाही. एका वेगळ्या प्राधिकरणाने बहुधा सुनावणी न घेता, नवी माहिती न स्वीकारता, केवळ कागद पाहून निर्णय द्यायचा. सुनावणी कापल्याने वेळ वाचेल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात ही प्रकरणे न्यायालयात जाऊन साचली आणि २०२४ मध्ये ते प्राधिकरण गुंडाळण्यात आले. दुसरा उपाय मनुष्यबळ वाढवण्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अल्बनीज सरकारने १६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली. तीत न्यायाधिकरणासाठी दहा सदस्य आणि न्यायालयासाठी दहा न्यायाधीश वाढवण्याची तरतूद होती. नवे अर्ज आधी निकाली काढायचे, म्हणजे केवळ वेळ काढण्यासाठी अर्ज करण्यात अर्थ उरणार नाही, हे त्यामागील सूत्र होते. पहिल्या टप्प्यावर काळजीपूर्वक केलेले काम शेवटच्या टप्प्यावरील खटले वाचवते, हा धडा शिकण्यास दशक जावे लागले.

या रांगेत भारतीयही आहेत, हे सांगितले पाहिजे. अलीकडच्या वर्षांत संरक्षण व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांच्या सरकारी आकडेवारीत मलेशिया, चीन, व्हिएतनाम यांच्याबरोबर भारताचे नावही वरच्या ओळींत दिसते. आणि विमानाने आलेल्या अशा अर्जदारांपैकी बहुतेकांचे अर्ज फेटाळले जातात. त्यांतील काहींची भीती खरी असते. काहींना मात्र विद्यार्थी व्हिसाची मुदत संपत आल्यावर कोणी तरी 'तज्ज्ञ' गाठतो आणि हा अर्ज म्हणजे काम करत राहण्याची सोपी सोय आहे, असे गळी उतरवतो. नकारानंतर देशात राहून इतर बहुतेक व्हिसांसाठी अर्ज करण्याची वाट बंद होते, हे तो सांगत नाही. ऑस्ट्रेलियात शुल्क घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार नोंदणीकृत सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे, हेही तो सांगत नाही. मेलबर्न-सिडनीला मुले पाठवलेल्या मराठी घरांनी एवढे तरी माहीत करून घेणे हिताचे ठरेल.

दिल्लीतून पाहताना

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही आणि १९६७ चा त्याचा पूरक करारही नाही. निर्वासितांचा दर्जा ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमीळ यांची व्यवस्था सरकार पाहते. अफगाण, म्यानमारचे नागरिक आणि इतरांच्या दाव्यांची छाननी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय करते. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. पण आश्रय मागण्याची, नाकारण्याची आणि नकारावर दाद मागण्याची पायऱ्यापायऱ्यांची रचना त्यातही नाही.

याचा अर्थ आपल्याकडे न्यायालयाचे दार नाही, असा नव्हे. राज्यघटनेचे कलम २१ 'व्यक्ती'ला संरक्षण देते; केवळ नागरिकाला नव्हे. याच आधारावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश त्या राज्याला दिला. दुसरीकडे, परकीय नागरिकाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध असल्याचे १९५५ पासून मानले जाते. आणि एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणी अंतरिम दिलासा नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने विहित कार्यपद्धती पाळल्याखेरीज त्यांना परत पाठवू नये, एवढीच अट घातली. अडचण तेथेच आहे. कार्यपद्धती पाळली का, हे न्यायालय तपासू शकते. पण आश्रयाच्या दाव्याची छाननी कशी व्हावी, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेलेच नसेल, तर तपासायचे कशाच्या आधारे? ऑस्ट्रेलियातील 'एसएएपी'ला 'लेखी' या एका शब्दाने तारले. तो शब्द आधी कायद्यात असावा लागतो.

कुलपाच्या बाबतीत मात्र दोन्ही लोकशाह्यांचा अनुभव विलक्षण जुळतो. राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने प्रशासकीय न्यायाधिकरणांची सोय केली आणि त्यांच्या निर्णयांपुरता उच्च न्यायालयांचा अधिकार काढून घेण्याची मुभा संसदेला दिली. राजधानीतील प्रत्येक सरकारी नोकराला परिचित असलेले 'कॅट' १९८५ च्या कायद्याने आले ते त्यातूनच. १९९७ मध्ये 'एल. चंद्रकुमार' खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, न्यायालयीन पुनर्विलोकन हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. न्यायाधिकरणे पूरक असू शकतील, पर्याय असू शकणार नाहीत. 'एस १५७' चा निकाल त्यानंतर सहा वर्षांनी आला. एका देशाने एका पोटकलमातून आणि दुसऱ्याने मूलभूत चौकटीच्या सिद्धान्तातून, पण दोघांनी एकच गोष्ट सांगितली : नाकारण्याचा अधिकार सरकारला असेल, नकाराची तपासणी नाकारण्याचा अधिकार सरकारला नाही.

नकार लिहिणाऱ्यांसाठी यात नवे असे काहीच नाही. अंधेरीतील एका नियोजित चित्रपटगृहाच्या परवान्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच मुंबईच्या पोलीस आयुक्तांना सुनावले होते की, सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरून लावायचा. मागाहून दिलेल्या खुलाशांवरून नव्हे. चित्रपटगृहाच्या परवान्याला जो न्याय, तोच न्याय माणसाच्या आश्रयालाही हवा. ज्या मुद्द्यावर नाकारायचे तो मुद्दा आधी सांगावा, समोरच्याचे ऐकून घ्यावे, आणि का नाकारले ते त्याच कागदावर लिहावे. एवढे केले तर बहुतेक नकार न्यायालयातही टिकतात. आणि एवढे करताना कधी तरी लेखणी थबकते, फाईल पुन्हा उघडली जाते आणि एखादा नकार लिहिलाच जात नाही. अक्षरांच्या त्या यादीत मग एक ओळ कमी होते आणि एका माणसाला आपल्या नावानिशी जगता येते.